इंगोल्यांच्या बैठकीतला क्लास

क्लास काढायची कल्पना मारोतराव इंगोल्यांची नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे जे जे झालं त्याचा सगळा दोष त्यांच्याच माथी येईल, आणि तो तसाही पुरेसा आलेला आहे. कल्पना होती शेजारच्या गोविंदसिंग ठाकुरांची. गोविंदसिंग म्हणजे निवृत्त तलाठी. सरकारनं त्यांना निवृत्त केलं, पण दुसऱ्याच्या जागेत लक्ष घालायची सवय काही निवृत्त झाली नाही.

ते आले तेव्हा मारोतरावांचा मुलगा प्रज्वल, बी.ई. मेकॅनिकल, बैठकीतल्या दिवाणावर पडून मोबाईल बघत होता. मुलगा इंजिनिअर होऊन घरी परतला की पहिले काही महिने तो घरी 'आलेला' असतो. मग 'सध्या घरी' असतो. त्यानंतर मात्र तो दिवाण, कपाट आणि कूलर यांच्यासारखा घरात नुसता 'असतो'. आजी, म्हणजे मारोतरावांच्या आई गोजराबाई, केर काढताना त्याला पाय वर घ्यायला सांगत आणि तो मुकाट्यानं घेत असे. पदवीनंतर त्यानं कोणाच्याही सांगण्यावरून ताबडतोब केलेलं तेवढंच काम होतं.

"मारोतराव," गोविंदसिंग चहाची बशी तोंडाला लावत म्हणाले, "चार साल अमरावतीच्या कालेजले अर्धा पगार धाडला तुमी. हाती काय आलं? आमचा भाच्चा रवी पाहा. धाव्वीत दोनदा बसला, दोनदा उठला. आज दोन जेसीबी हायेत."

मंगरूळपीरमध्ये शिक्षणाची चर्चा कुठूनही सुरू झाली तरी ती जेसीबीपाशी येऊन थांबते. मारोतरावांनी हे ओळखून होते नव्हते तेवढे सगळे नातेवाईक या चर्चेतून टाळले होते. पण शेजारी टाळता येत नाही.

रवीनं आपल्या परीनं मदतही केली होती. प्रज्वलला त्यानं काम देऊ केलं. जेसीबीजवळ खुर्ची टाकून बसायचं, बस्स. "काय हाय भाऊ, आपला ऑपरेटर डिझेल इकते. शिकलेला मानूस समोर बसला का थो लाजते." प्रज्वल एक दिवस गेला आणि दुपारीच परत आला.

"काय झालं रे?" मारोतरावांनी विचारलं.

"बाबा, तो ऑपरेटर एम.ए. बी.एड. आहे. त्याच्यावर मी काय नजर ठेवू? आमी दोघंही जेसीबीकडं पाहात बसलो."

तर अशा परिस्थितीत गोविंदसिंग म्हणाले, "क्लास काढा. गणित, विज्ञान. बारावीच्या पोट्ट्यांचा. शिकलेला मानूस दुसरं कायबी करू शकला नाही तरी शिकवू शकते."

आता यात घाई करण्यासारखं काही नव्हतं, पण घरात एका माणसाला घाई होती. ती म्हणजे निता. प्रज्वलची धाकटी बहीण निता त्याच वर्षी बारावी पास झाली होती, चांगल्या गुणांनी, आणि तिला अकोल्याला शेतकी कॉलेजात जायचं होतं. पहिल्याच फेरीत तिचा नंबरही लागला. मारोतरावांनी पेढे आणले, देवाला ठेवले, वाटले, आणि मग म्हणाले, "थोडं थांब. दादाचं काही लागू दे, मंग तुह्यं पाहू."

एका दुकानातून घेतलेला माल खराब निघाला की माणूस त्याच दुकानाच्या पायरीवर दुसऱ्यांदा चढताना विचार करतो, तसा मारोतराव विचार करत होते.

"दादाचं मेकॅनिकल होतं, माह्यं ॲग्री हाय," निता म्हणाली.

"कॉलेज तं कॉलेज असते."

"असं कसं बाबा? तुमच्या स्टँडवर सगळ्या गाड्या अकोल्याच्याच असतात काय?"

मारोतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून 'कारंजा-अमरावती गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे' हे सांगणारा भारदस्त आवाज त्यांचाच. तालुक्यात त्यांना चेहऱ्यानं ओळखणारे कमी आणि आवाजानं ओळखणारे फार. अशा माणसाला घरात उत्तर सुचू नये हे वाईटच. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, क्लास काढायचा. क्लास चालला तर प्रज्वलचं शिक्षण वाया गेलं नाही हे सिद्ध होईल, आणि ते सिद्ध झालं की निताला पाठवायला हरकत नाही. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीला अजून अवकाश होता.

कामाला सुरुवात बाकांपासून झाली. एक बंद पडलेली खाजगी शाळा आपले बाक विकत होती. बाक स्वस्त मिळाले याचा आनंद ते दारात येईपर्यंत टिकला. ते दारातून आत जाईनात. आडवे घातले, उभे घातले, तिरपे घातले. गोविंदसिंगांनी ओट्यावर उभं राहून "लेफ्ट, लेफ्ट, राईट" असं मार्गदर्शन केलं, ज्यामुळे दाराची चौकट निखळली. शेवटी सुताराकडून बाकांचे पाय कापून घेतले. सुतार घाईत होता. त्यामुळे प्रत्येक बाकाला तीन पाय सारखे आणि एक स्वतंत्र विचारांचा असे पाय मिळाले. पुढे वर्गात कोणीही लिहायला वाकलं की अख्खी रांग लाटेसारखी हलत असे.

बाक आत आले म्हणून दिवाण बाहेर गेला. टीव्ही निताच्या खोलीत गेला आणि गोजराबाईंची खाट स्वयंपाकघरात गेली. "म्हातारपणी लोक काशीले जातात," गोजराबाई म्हणाल्या, "मी चुलीजवळ आली."

मग बोर्ड. 'इंगोले क्लासेस, संचालक प्रा. प्रज्वल इंगोले (बी.ई.)' असा निळ्या रंगाचा बोर्ड पेंटरनं रंगवून आणला. 'प्रा.' हे अक्षर पेंटरनं स्वतःच्या मनानं घातलं होतं. म्हणाला, "क्लासवाल्याले लावावंच लागते, फुकट देतो." बोर्ड भिंतीवर चढतो न चढतो तोच नगरपरिषदेचा माणूस दारात. परवानगी कुठे आहे? मारोतराव दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून परवानगीच्या खिडकीवर गेले.

"बोर्डाची परवानगी पायजे," ते म्हणाले.

"भेटन. जागा व्यावसायिक पायजे," आतला बाबू म्हणाला.

"मंग करा व्यावसायिक."

"तिथी व्यवसाय चालू हाय याचा पुरावा पायजे."

"कसा पुरावा?"

"बोर्ड असला तं बोर्डाचा फोटो चालते."

मारोतराव क्षणभर खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी खिडकीच्या आतून लोकांना असंच काही ना काही सांगितलं होतं. खिडकीच्या बाहेरून ते कसं ऐकू येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते ज्ञान त्यांना अजिबात नको होतं. तोडगा प्रज्वलनं काढला. इंजिनिअरिंगचा घरात झालेला तो पहिला उपयोग. बोर्ड घराबाहेर लावायला परवानगी लागते ना? मग घरात लावू. त्याप्रमाणे बोर्ड बैठकीतल्या भिंतीवर लागला. इंगोले क्लासेस कुठे आहे हे आता फक्त इंगोले क्लासेसमध्ये येऊन बसलेल्यांना कळत होतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण मारोतराव निघता निघता बाबूनं आग विझवायच्या नळकांड्याची आठवण करून दिली होती. ते लाल नळकांडं आलं आणि बैठकीतल्या खिळ्याला टांगलं गेलं. क्लासला पोरं मिळावीत म्हणून बोलावलेल्या पालकसभेच्या दिवशी संध्याकाळी गोजराबाईंनी आपली पानाची पिशवी अडकवायला काही मिळतं का म्हणून पाहिलं, तर त्या नळकांड्याला एक छानशी कडी दिसली. कडी जरा ओढून पाहिली, निघाली. पिशवी दांड्याला टांगली आणि पिशवीच्या वजनानं दांडा खाली दबला.

त्यानंतर काय झालं हे कोणालाच नीट सांगता येत नाही, कारण कोणाला काही दिसलंच नाही. पांढऱ्या धुराळ्यातून आधी मारोतरावांच्या बायकोचा, वैजयंताबाईंचा आवाज आला, "माय व, पोहे!" आणि मग गोजराबाईंचा, "मी काहीच नाही केलं." धुराळा बसला तेव्हा बाक, बोर्ड, पोह्यांचं पातेलं आणि संचालक असे सगळे एकाच रंगाचे झाले होते. प्रज्वलनं मुलाखतीसाठी शिवलेला आणि एकदाही न नेसलेल्या शालूसारखा जपलेला शर्ट घातला होता. तो चुन्याच्या हौदातून काढल्यासारखा उभा होता. आणि पालक दारात आले होते.

पालक फार नव्हते. पोहे आहेत असं सांगितल्यामुळे आले असते त्यापेक्षा थोडे जास्त होते. त्यांच्यात पाटाखालच्या गल्लीतला खेमा होता, मुलगा बारावीत असलेला, आणि आसेगावकडच्या एका तांड्यावरून आलेली नानीबाई आडे होती. तिची मुलगी हेमला मामाकडे राहून मंगरूळपीरला शिकत होती. नानीबाई दिवाळी झाली की घरधन्याबरोबर ऊसतोडीला जाई आणि उन्हाळ्यात परत येई. ती बाकाच्या टोकावर, बाक हलेल म्हणून अर्धवट वजन टाकून बसली होती.

प्रज्वलनं अभ्यासक्रम सांगितला. पालकांनी माना हलवल्या. मग खेमा उभा राहिला आणि अगदी साध्या स्वरात म्हणाला, "सर, राग नका मानू. तुमी म्हनता पोट्ट्याले इंजिनिअरिंगले घालू. तुमी इंजिनिअर होऊन काय करता?"

"मी... क्लास घेतो," प्रज्वल म्हणाला.

"कशाचा?"

"इंजिनिअरिंगला जायचा."

खेमानं यावर विचार केला. सगळ्यांनीच केला. स्वयंपाकघरात गोजराबाई पिशवीतलं पान झटकत होत्या तेवढं ऐकू येत होतं. प्रज्वलच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ पांढऱ्या भुकटीतून वाट काढत खाली आला. पोराचा तो चेहरा मारोतरावांना बघवेना.

ते उठले. न आलेल्या गाडीची वाट बघणाऱ्या लोकांना त्यांनी जन्मभर धीर दिला होता. अकोल्याहून गाडी निघाली की नाही हे स्वतःला माहीत नसताना दिला होता.

"पाहा भाऊ," ते म्हणाले, आणि त्या आवाजानं खेमा आपोआप खाली बसला. "गाडी वेळेवर येते, नाही येत, कधी रद्द होते. मी नाही म्हणत नाही. पण भेटली तं ती स्टँडवर आलेल्यालेच भेटते. घरी खाटीवर पडून कोनाले गाडी भेटली आजपर्यंत? शिक्षण नौकरीसाठी असते हे कोनी सांगतलं? पोरीले उद्या कोनी विचारलं का बाई तू कोन, तं तिनं कोनाची बायको, कोनाची पोरगी हे नाही सांगावं. तिच्यापाशी आपलं सोताचं उत्तर असावं. त्या उत्तरासाठी बापानं पोटाले चिमटा घेतला तं काही वाया जात नाही. थो चिमटा घ्यावाच लागते."

बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते पटलं. डोळे भरून आले. नानीबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "भाऊ, माह्या हेमलीचं नाव लिहा." तिच्या मागोमाग खेमानंही लिहिलं. सभा जिंकली गेली. आणि मारोतराव खाली बसायला वळले तेव्हा त्यांना दिसलं की आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन निता उभी आहे, आणि ट्रेमधल्या एकाही कपातला चहा हलत नाहीये, इतकी ती स्तब्ध उभी आहे.

पालक गेल्यावर ती बाक पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "बाबा, आज बोलले ते खरं होतं काय?"

"मंग? खोटं बोलीन काय मी?"

"मंग मले काहून थांबवलं?"

मारोतरावांनी घसा साफ केला. स्टँडवर माईक बंद पडला की ते असाच घसा साफ करत. "ते... ते लोकाइच्या पोरीसाठी होतं," ते म्हणाले. हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ते परत घ्यायचं होतं, पण निता कपडा पिळायला न्हाणीत गेली होती.

क्लास सुरू झाला आणि लवकरच एक अडचण लक्षात आली. प्रज्वलला सगळं येत होतं, पण ते तो फळ्याला सांगत असे. मुलांकडे त्याची पाठ असायची. प्रश्न विचारला की तो इतक्या मागून सुरुवात करायचा की उत्तर येईपर्यंत प्रश्न विचारणारा घरी गेलेला असे. बाक डुलत, मुलं पेंगत. हळूहळू पोरं मागच्या मागे निताला गाठायला लागली. "ताई, हे सरांनी काय केलं?" आणि निता भाकरीचं पीठ लागलेल्या हातानंच दारात उभी राहून सांगायची. कळायचं.

मग एक दिवस प्रज्वलच्या मित्राचा फोन आला. चाकणला एका गोदामात माणसं घेत होते. खोकी मोजायची, यंत्रानं टिपायची, पुढे सरकवायची. प्रज्वलच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

"शिक्षण काय मागतात?" वैजयंताबाईंनी कौतुकानं विचारलं.

"बारावी पास."

"पण तू तं..."

"ते सांगायचं नाही आई. डिग्री सांगितली तर घेत नाहीत. म्हणतात हा टिकणार नाही."

चार वर्षं ज्यासाठी पैसे भरले ते आता लपवून ठेवायचं होतं. वैजयंताबाईंनी पदवीची फाईल कपाटात साड्यांच्या खाली ठेवली, जिथे त्या एरवी दागिने ठेवत. प्रज्वल पुण्याच्या गाडीत बसला. त्या गाडीची घोषणा मारोतरावांनीच केली. प्रवाशांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी माईकमधून नेहमीपेक्षा खरखर जास्त आली.

"दादा परत येईस्तोवर तू पाहून घे," मारोतराव निताला म्हणाले. "पालकाइची फी घेतली आपण. पोट्टे मधात सोडता येत नाहीत."

अकोल्याच्या प्रवेशाची शेवटची फेरी केव्हा होऊन गेली हे घरात कोणी बोललं नाही. कोणी 'जाऊ नको' असंही म्हणालं नाही, हे मारोतराव पुढे स्वतःला वारंवार सांगत. फेरीच्या दिवशी फक्त सकाळी एक बॅच होती आणि संध्याकाळी एक होती, आणि दोन्ही बॅच निताच्या होत्या.

गोविंदसिंग मात्र खूश होते. "देखा? मी म्हणलो होतो ना, क्लास चालते म्हणून."

आणि क्लास खरोखरच चालला. अशा गोष्टी चालायला नको असतात तेव्हा हमखास चालतात. बाकांच्या चौथ्या पायाखाली नितानं नारळाच्या कवट्या ठोकून घेतल्या आणि लाटा थांबल्या. प्रज्वल दिवाळीला आला तेव्हा वाळला होता. बहिणीचा वर्ग चालू होता, म्हणून तो ओट्यावर बसून राहिला.

उन्हाळा सरला, निकाल लागला, आणि एका दुपारी नानीबाई हेमलाला घेऊन आली. हातात साखरेची पुडी. हेमलाचा नंबर लागला होता. अकोल्याला, शेतकी कॉलेजात.

नानीबाईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. निताच्या हातावर जास्त ठेवली. मग कौतुकानं म्हणाली, "माय, तू कोन्त्या कालेजात शिकली व? एवढं चांगलं शिकवते."

"मी नाही गेली मावशी. माह्यी बारावीच हाय."

नानीबाईला आधी ती थट्टा वाटली. तिनं मारोतरावांकडे पाहिलं. मारोतराव पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता. "पर भाऊ तं त्या रोजी..." ती म्हणाली आणि थांबली. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मंग माह्या पोरीले कायले धाडून राह्यली तू? आमचा तं एक हंगाम जाईन तिच्यावर. फायद्याचं हाय का नाही?"

"मले नाही माहीत मावशी," निता म्हणाली. "गेल्याबिगर समजत नसन. हेमला जाईन, अन् येऊन थेच सांगन आपल्याले."

मग ती हेमलाकडे वळली. होस्टेलचा अर्ज पहिल्याच दिवशी दे, उशीर केला तर बाहेर खोली घ्यावी लागते. मुलींच्या होस्टेलला मागच्या फाटकानं जवळ पडतं. पहिल्या वर्षी शेतातल्या तासाला पांढरे कपडे नको नेऊ. मेसमध्ये सकाळचं लवकर संपतं. स्टँडवर उतरल्यावर मोठ्या रिक्षात नको बसू, सिटी बस मिळते, ती दारापर्यंत जाते. हेमला मान हलवत ऐकत होती.

नानीबाई तोंडाला पदर लावून हसली. "नाही गेली म्हणते, अन् सारं माहीत हाय हिले!"

निताही हसली. त्या हसण्यानं मारोतराव उठून उभे राहिले. मायलेकी गेल्यावर ते दारात तिच्यासमोर येऊन थांबले. काय बोलायचं हे त्यांनी पक्कं केलं होतं, पण आवाज भलताच बारीक निघाला.

"निता, फेऱ्या चालू हायेत आणखी. औंदा तूबी..."

"अन् हे पोरं? नवीन बॅच घेऊन झाली बाबा. दादाचं गोदाम सुटलं मागल्या महिन्यात, तिथीच दुसरं पाहून राह्यला थो, तुमाले माहीत हाय. तुमी पुढल्या साली रिटायर." ती रागानं बोलत नव्हती. रागानं बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "सरका, दारात उभे हाय तुमी. पोरं आले."

ते सरकले. पोरं चपला काढून, ढकलाढकली करत आत गेली. बैठकीत उभं राहायला जागा नव्हती म्हणून मारोतराव स्वयंपाकघरात जाऊन आईच्या खाटेवर, पायथ्याशी बसले. भिंतीपलीकडून निताचा आवाज येऊ लागला. सावकाश, स्पष्ट, कुठेही न अडखळणारा.

गोजराबाई पान चघळत बराच वेळ ऐकत होत्या. त्यांना अलीकडे कोणाचं काय झालं हे लक्षात राहत नसे.

"कोन व्हय रे ही पोट्टी?"

"निता हाय माय. आपली निता."

"चांगली हुशार हाय," गोजराबाई म्हणाल्या. "इले शिकवाले पायजे होतं तू."

मारोतरावांनी ओट्यावरचा कप विसळायला घेतला. तो स्वच्छच होता. तरी त्यांनी तो पुष्कळ वेळ विसळला.